माझं जेवण झालंय, सेतू

सेतू,

इथल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असा निरोप आलाय. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, मागे कोण कोण, एवढं आलं म्हणजे झालं, म्हणे. ते सगळं कचेरीतल्या तुझ्या सेवापुस्तकात आहे, तिथून उतरवून घ्या म्हणावं. मी आपला तुझ्याशीच बोलतो. मद्रासला आल्यापासून मी मराठीत मनसोक्त बोललो तो फक्त तुझ्याशी. आता तुझ्याबद्दल तिऱ्हाइताशी बोलायचं म्हणजे मला ते जमायचं नाही.

गेल्या आठवड्यात तुझा तेरावा झाला. त्याबद्दल सांगायचंय, पण लगेच नको. आधी जे मनात घर करून बसलंय ते बोलतो. तू गेल्याची बातमी आली तेव्हापासून एकच प्रश्न मला खातोय. तू काय समजून गेलास? इतकी वर्षं तुझ्या समोर खुर्ची टाकून बसलो, आणि तांबरमच्या तुझ्या घरी एकदाही पानावर बसलो नाही. तंजावरच्या मराठी माणसाच्या घरचं अन्न या दामल्याला चालत नाही, असं समजून गेलास का? एकदा तू माझ्या तोंडावर तसं म्हणाला होतास. मी तेव्हा काही बोललो नाही. पुढे बोलू, पुढे बोलू म्हणता म्हणता तूच उठून गेलास.

आपली पहिली भेट तुला आठवत असेलच, कारण तू ती दर पाहुण्याला रंगवून सांगायचास. मी पुण्याहून बदली होऊन आलेला, मे महिना, कचेरीतला पंखा बंद. मी स्वतःशीच त्या पंख्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. समोरच्या टेबलावरून तू मान वर केलीस आणि म्हणालास, "आपण मराठी कीं? कोण गांवचे?" मला क्षणभर वाटलं एखादी बखरच बोलायला लागली. मी हसलो. तू चष्मा कपाळावर चढवलास. "हांसता कां? ही तुमच्या पणज्याची मराठी आहे. तुम्हीं तिकडे हरवून बसलांत, आम्हीं इथें संभाळून ठेविली." पुढे 'आपण'चं 'तू' व्हायला आठवडाही लागला नाही. तुझ्या बोलण्यात मधेमधे तमिळ यायचं, माझ्या बोलण्यात शिव्या यायच्या, आणि मजेत चालायचं.

काम म्हणशील तर किती कोरडं होतं ते! शाळांतून मुलांना दुपारचं जेवण द्यायची योजना राज्यात नवीनच सुरू झाली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून दर महिन्याला तक्ते येत. पटावर मुलं किती, हजर किती, जेवली किती. माझं काम त्या आकड्यांच्या बेरजा तपासायचं आणि तुझं त्यावरून जिल्ह्याजिल्ह्याची, पट्ट्यापट्ट्याची जेवणाऱ्या मुलांची रेघ काढायचं. चौकटीचा कागद, निळी पेन्सिल, आणि जीभ दातांत धरून बसलेला तू. मला त्यात चढउतार दिसायचे. तुला माणसं दिसायची. पोंगलच्या आगेमागे तंजावरची रेघ खाली आली की तू खूश व्हायचास. "कापणी लागली. पोरं शेतावर गेलीं. घरीं नवा भात आला असेल." एन्नोरकडच्या कोळीवाड्यांची रेघ नेमकी पावसाळ्याच्या वादळी दिवसांत चढायची, तेव्हा तू म्हणायचास, "समुद्र कोपलाय, होड्या वाळूवर पडल्यात, म्हणून पोरं शाळेंत आहेत." आणि दक्षिणेकडच्या कोरड्या जिल्ह्यांची रेघ एकदा चढली की वर्षभर उतरायची नाही. त्या रेघेवर तू फारसं बोलत नसायचास.

एकदा मी चेष्टेनं म्हटलं, अरे, एका रेघेकडे माणसानं किती वेळ बघावं? तू म्हणालास, "रेघ कुठली? पंगत आहे ही." मी तेव्हा दुसरीकडे बघितलं. पंगत हा शब्द मला लहानपणापासून सोसत नाही.

का, ते तुला मी कधीच सांगितलं नाही. आता सांगतो. मी सांगलीत वार लावून जेवलो. वडील गेल्यावर आईनं मला शिकायला तिथे ठेवलं, आणि सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असं माझं जेवण लागलं. शनिवारचं घर मिळालंच नाही. काखेत सोवळ्याचं धोतर मारून मी गल्लीतून निघालो की ओट्यावर खेळणारी पोरं ओरडायची, "वाराचा चालला, वाराचा चालला!" ते काखेतलं धोतर बघितलं की अख्ख्या गल्लीला कळायचं मी कुठे निघालोय. बुधवारच्या घरी काकू आतून विचारायच्या, "वाराचा आलाय का? मग भाताचं आधण वाढवा." वाईट नव्हत्या रे त्या, जेवायला घालत होत्या, आणि तेही गरम. पण चार वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. पहिला पगार झाला त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे कुणाच्या घरी पानावर बसायचं नाही. खाणावळीत पैसे टाकायचे, जेवायचं, उठायचं. कुणी बोलावलं की माझं उत्तर ठरलेलं: माझं जेवण झालंय.

आणि तू तर बोलावण्यात पटाईत! पोरीचं बारसं, श्रावणातली पूजा, गोदावहिनींनी केलेला चकलीसारखा मुरुक्कू, काही ना काही निमित्त काढून तू बोलवायचास, आणि मी माझं जेवण झालंय म्हणून ट्रिप्लिकेनच्या खाणावळीची वाट धरायचो. तुला ते समजणं शक्यच नव्हतं. तुझं बालपण अन्नछत्रात गेलेलं. तुझे आजोबा तिथे कारभारी, आणि तू यात्रेकरू, गाडीवान, विद्यार्थी, भटके अशा सगळ्यांच्या ओळीत बसून जेवलेला. "तिथें कोण विचारीत नव्हता रे, तू कोण, कुठून आलास. बसला तो जेवला," असं तू मोठ्या अभिमानानं सांगायचास. दुसऱ्याचं अन्न आपण दोघंही खाल्लेलं. तुला त्यातून माणसांची आवड लागली आणि मला पंगतीची घृणा बसली.

पोरीच्या पहिल्या वाढदिवसालाही मी आलो नाही तेव्हा तू भडकलास. कचेरी सुटता सुटता माझ्या टेबलाशी आलास. "गोदानें तुझ्यासाठीं म्हणून पुरणपोळी केली. तुमच्यासारखी, तिकडची. आलास कां नाहीं?"

"जेवण झालं होतं माझं."

"खोटं बोलूं नकोस. आम्हीं तंजावरचे. आमची मराठी खरी नव्हे, आमचं सोवळं खरं नव्हे, आमचा हात लागलेलें तुम्हांस चालत नाहीं. सरळ सांग कीं तोंडानें!"

मी टोपी उचलली आणि निघालो. खालच्या फाटकापाशी पोचेपर्यंत दोनदा वळावंसं वाटलं. पण वळून काय सांगणार होतो? मी वाराचा पोरगा आहे, असं? त्या वयात, त्या खुर्चीवर बसून? नाही निघालं तोंडातून. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा "काय दामले" म्हणालास, पण तो घाव तुझ्या मनात राहिला असणार, असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

मग ती चेंगलपट्टूकडची गोष्ट झाली. तुला त्या गोष्टीचा फार अभिमान होता, म्हणून जरा सावकाश सांगतो. तांबरमच्या पुढच्या एका पट्ट्यातली रेघ खाली यायला लागली. कापणीचे दिवस नव्हते, पाऊसपाणीही बरं नव्हतं, तरी महिन्यामागून महिना जेवणारी मुलं कमीच. साहेब खूश. "तिकडे आता गरज उरलेली नाही, तसा शेरा लिहा," म्हणाले. तसा शेरा गेला असता तर पुढच्या वर्षी तिथल्या शाळांतल्या चुली बंद झाल्या असत्या. तू मान हलवलीस. "एकदां जाऊन बघतों, सर." आणि मलाही ओढून नेलंस, बेरजा तपासायला म्हणून.

बसमधून उतरून आपण त्या शाळेत गेलो. हेडमास्तर साधा, कामसू माणूस. आधी मुलं पानावर जेवत. पानं मिळेनाशी झाली, उष्टं सगळीकडे पडायचं, म्हणून त्यानं आदल्या वर्षी ठरवलं की मुलांनी घरून ताट आणावं. आजूबाजूच्या शाळांनी त्याचंच बघून तसंच केलं. त्यानं ही सुधारणा आपल्याला मोठ्या उत्साहानं दाखवली. सकाळी हजेरीच्या वेळी तो विचारायचा, "आज कोण जेवणार?" आणि हात मोजून तांदूळ काढायचा. नासाडी मुळीच नाही. मला तर पद्धत झकास वाटली.

दुपारची घंटा झाली. थोडी मुलं ताटं घेऊन बसली. बाकीची विहिरीकडे पळाली, पाणी प्यायली आणि खेळायला लागली. एक मुलगी भिंतीला टेकून नुसतीच उभी होती. तू तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलास आणि तमिळमध्ये विचारलंस, जेवली नाहीस का?

"जेवून आलेय," ती म्हणाली.

"काय जेवलीस?"

"भात." आणि तिनं मान फिरवली.

तू पुढे ते खणलं नाहीस. बऱ्याच वेळानं, जसं काही सहज, म्हणालास, "घरी ताट आहे का गं तुझ्या?"

"आहे."

"मग आणत का नाहीस?"

ती तुझ्याकडे असं बघायला लागली की या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये. "वाटेत दुकानं आहेत ना," ती म्हणाली.

तुला लगेच कळलं. मला तर ती बोलायच्या आधीच कळलं होतं. हातात रिकामं ताट घेऊन दुकानांसमोरून जायचं म्हणजे काय, हे मला तू कशाला सांगायला हवं होतंस? माझी काख आपोआप आवळली गेली. मी तिथून हललो आणि विहिरीपाशी जाऊन उगाच तोंड धुऊन आलो. परतलो तेव्हा तू हेडमास्तराला समजावत होतास. त्याला दोष दिला नाहीस, हे मला फार आवडलं होतं. ताटं शाळेतच ठेवा, गावात चार घरी मागितली तर मिळतील. मुलं आपली आपण विसळतील. आणि सकाळी हात वर करायला लावू नका. "विचारायचं नाही सर. विचारलं की मूल नाही म्हणतं. घंटा झाली की सगळ्यांच्या पुढं ताट ठेवायचं. ज्याला नको तो उठेल." हेडमास्तर आधी कुरकुरला, मग त्यानं ऐकलं. त्या पावसाळ्यानंतर त्या पट्ट्यातली रेघ अशी काही चढली की साहेबांना आपला शेरा गिळावा लागला. तू ती रेघ काढताना निळ्या पेन्सिलला दोनदा टोक करून घेतलंस.

परतीच्या बसमध्ये आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होतो, ज्या दिवशी ही रेघ खाली येत येत तळाला टेकेल त्या दिवशी हे राज्य सुधारलं म्हणायचं. मुलानं आपल्या घरी, आईच्या हातचं जेवावं. वर चढणारी रेघ बघून आनंद कसला मानायचा? तू म्हणत होतास, "आणि घरीं असलें तरी पोरं एकत्र बसून जेवलीं तर काय बिघडलें? सगळींच बसलीं म्हणजे कोण उपाशी, कोण पोटभर, कोणास कळतें? रेघ वरच जाऊं दे. अगदीं वरपर्यंत." मी म्हटलं, मग हा आकडा भुकेचा राहिलाच कुठे? तू म्हणालास, "नाहीं राहिला. बरेंच झालें." कंडक्टरला वाटलं आपण एकमेकांच्या अंगावर जाणार, म्हणून त्यानं मधे येऊन दोघांची तिकिटं पुन्हा बघितली. पुढे तांदळाची टंचाई आली, रेशनच्या दुकानांसमोर बायका पहाटेपासून उभ्या राहायला लागल्या, सगळ्याच जिल्ह्यांच्या रेघा एकदम उभ्या चढल्या. तेव्हा मी म्हटलं, बघ, हाच का तुझा आनंद? तू पेन्सिल खाली ठेवून खिडकीकडे वळलास. ते भांडण मी जिंकलो असं तेव्हा मला वाटलं. पण तू भांडला नाहीस म्हणून मला दिवसभर काम सुचलं नाही, हेही खरं.

त्या शाळेहून परतल्यावर तू मला घरी बोलावणं बंद केलंस. आधी मला हायसं वाटलं. मग महिन्याभरानं वाईट वाटायला लागलं. माणसाचं काय सांगावं! दिवाळी आली, गेली. पोरीच्या शाळेत जायच्या पहिल्या दिवसाचे पेढे तू सगळ्या कचेरीला वाटलेस, मलाही दिलेस, पण "घरीं ये" म्हणाला नाहीस. मी समजलो, याच्या मनातून मी उतरलो.

त्याच सुमाराला तुझा डबा मोठा झाला. आधी दोन पुड्यांचा होता, तो चार पुड्यांचा आला. दुपारी मी खाणावळीकडे निघालो की तू कावळ्यांकडे बघत म्हणायचास, "गोदाचा अंदाज चुकलाय. जास्त झालें. या कावळ्यांस घालूं काय?" आणि उत्तराची वाट न बघता एक पुडा माझ्या टेबलावर सरकवून वर्तमानपत्रात डोकं घालायचास. मी म्हणायचो, टाकायचं कशाला! आणि खायचो. ताकभात, लिंबाचं लोणचं, तुमची ती उडदाच्या पिठाची डांगरपच्चडी. मी जेवत असताना तू वर्तमानपत्र कधी खाली केलं नाहीस. कधी कधी माझं होऊन हात धुऊन व्हायचे, तरी तू पहिल्याच पानावर असायचास. मी मनात म्हणायचो, हा माणूस किती सावकाश वाचतो! मी स्वतःला असं समजावून ठेवलं होतं की मी काही कुणाच्या घरी जेवत नाही, फक्त कचेरीतली नासाडी वाचवतो. वर वहिनींच्या अंदाजाची चेष्टाही करायचो. बाई इतकी वर्षं संसार करतेय, हिला तीन माणसांचा तांदूळ मोजता येऊ नये?

आणि मग त्या सोमवारी तुझी खुर्ची रिकामी. आदल्या संध्याकाळी तू ओट्यावर बसल्या बसल्या गेलास, असं कुणीतरी सांगितलं. मी तांबरमला आलो, स्मशानात मागे उभा राहिलो आणि परत खोलीवर आलो. माझ्या खोलीत मराठी समजणारं कुणी नाही. शेजारच्या तमिळ मास्तरांनी विचारलं, कोण होते तुमचे? मी म्हटलं, कचेरीतले. दुसरा शब्द सापडेना, तमिळमध्येही आणि मराठीतही. त्या दिवसांत मी अगदी उघड, मोठ्यानं रडलो, सेतू. इतकी वर्षं एकटा राहिलो तरी एकटेपण म्हणजे काय हे तोवर मला ठाऊक नव्हतं, कारण रोज दुपारी तू समोर होतास.

तेराव्याचं बोलावणं घेऊन वहिनींचा भाऊ आला. माझ्या जिभेवर ते आलंच होतं: मी जेवून येतो. तोंड उघडलं आणि मिटलं. आलो.

तुझ्या घरी पान मांडलेलं होतं. मी बसलो. शेजारी कोण, समोर कोण, काही कळत नव्हतं. जेवलो. लहानपणी शिकलो तसा, पुढ्यात पडेल ते, मान खाली घालून. सगळे उठल्यावर मी ओट्यावर जाऊन बसलो, तिथे वहिनी आल्या. त्यांच्याशी मी आजवर पाच-सहा वाक्यांपलीकडे बोललो नव्हतो. मी उठून उभा राहिलो आणि जे तुला बोलायचं होतं ते त्यांना बोललो. वहिनी, मी इतकी वर्षं आलो नाही त्याला कारण तुमचं घर नव्हतं. मी वार लावून जेवलेला मुलगा आहे. सेतूला हे मी सांगितलं नाही. तो काय समजून गेला, देव जाणे.

वहिनी ओट्याच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांस ठाऊक होतें."

मी म्हटलं, कसं ठाऊक असणार?

"कचेरींत कोणाचा निरोपसमारंभ झाला, तेव्हां तुम्हांस जेवतांना त्यांनीं बघितलें. घरीं येऊन बोलले, गोदा, दामले मागत नाहीं, पानांत कांहीं टाकीत नाहीं, वाढणाऱ्याकडे बघतसुद्धां नाहीं. पावम, बिचारा, हा पोर दुसऱ्याच्या दारांत जेवून वाढलाय. मी उगाच त्यास बोललों. मग त्या शाळेहून आले त्या दिवशीं म्हणाले, आतां त्यास बोलवायचें नाहीं. विचारलें कीं तो नाहीं म्हणतो. सुम्मा, नुसतें पुढें ठेवायचें, आणि बघायचें नाहीं."

मी डब्याबद्दल काहीतरी पुटपुटलो. रोज जास्त व्हायचा म्हणून...

"जास्त कधीं होता?" वहिनी म्हणाल्या. "रेशनाच्या दिवसांत कोणाकडे भात जास्त होता, दामलेराव? आम्हीं घरीं गव्हाचा उपमा खात होतों. डबा दोघांचाच होता. पहिल्या दिवसापासून."

त्या आत गेल्या. तुझी पोर दारात उभी होती, तिनं मला तमिळमध्ये विचारलं, पाणी हवं का? मी हो म्हटलं.

म्हणजे माझा प्रश्न सुटला. तू मला तसं समजून गेला नाहीस. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखून गेलास, आणि मी मात्र वहिनींच्या अंदाजाची टिंगल करत तुझ्या घरचं अन्न इतकी वर्षं खात राहिलो. यानं मला शांत वाटायला हवं. वाटतंही, थोडं. सकाळच्या वेळी वाटतं. दुपारी एक वाजला की मग काही चालत नाही. सगळे आपापले डबे घेऊन उठतात, आणि मी खाणावळीकडे जायला निघतो, आणि जिन्याशीच थांबतो. खाणावळीत पैसे टाकून बसावं, आपलं आपण जेवावं, यालाच मी आयुष्यभर मान समजत आलो. आता तिथे घास उतरत नाही.

तुझ्या रेघा आता मलाच काढायच्या आहेत. परवा काढायला बसलो. माझा हात तुझ्यासारखा नाही, रेघ वाकडी जाते. आपल्या भांडणाबद्दल म्हणशील तर तुझं म्हणणं मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. मुलांनी घरीच पोटभर जेवावं, असंच मला वाटतं. पण ती रेघ काढताना मला पहिल्यांदा वाटलं की हिच्यात कुठेतरी मीही बसलेलो आहे. कुणी मोजलं नाही, कुणी हात वर करायला लावला नाही, तरी बसलेलो आहे. हे तुला सांगायला मी मान वर केली, तर समोर खुर्ची.

तू मला बोलावणं बंद केलंस ते माझा मान राखायला, हे आता कळलं. तुझे उपकार आहेत. पण रागही येतो, सेतू. त्या मुलीच्या बाबतीत तुझं बरोबर होतं, ती लहान होती. मी एवढा बाप्या माणूस; माझ्या बाबतीत तू एवढं बरोबर वागायला नको होतंस. मधे एखाद्या दिवाळीला, एखाद्या रविवारी चुकून विचारायचं होतंस, "दामले, घरीं येतोस कां जेवायला?" मी आलो असतो असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. बहुतेक जेवण झालंय असंच म्हणालो असतो.

तरी तू विचार.